अपंग सर्टिफिकेटसाठी सिव्हिलला जाण्याआधी घरी करायची तयारी

अपंगांचा पगार (म्हणजे सरकारकडून दरमहा मिळणारी पेन्शन) असो, बसचा पास असो की नोकरीतलं आरक्षण, सगळीकडं आधी विचारतात ते यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, आणि त्यावरचा अपंगत्वाचा टक्का. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. आपला बेळगावचा सीमाभाग कर्नाटकात येतो आणि कर्नाटकात ७५ टक्क्यांच्या वर गेलं की पगाराची रक्कम वाढते. हा टक्का डॉक्टर ठरवतात. त्यांच्यासमोर आपण बसतो ते थोडाच वेळ, म्हणून तयारी घरूनच करून जावी.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (वेबसाइटवर) भरायचा. आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराचे कागद एवढं लागतं. स्वतः जमत नसेल तर ग्रामपंचायतीतल्या व्हीआरडब्ल्यूला, म्हणजे अपंगांसाठीच्या गाव पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठा. हे काम अपंग व्यक्तींनाच दिलेलं असतं, त्यामुळं अडचण लवकर समजते. शिवाय कन्नडमधल्या कागदांतही मदत होते. अर्ज भरण्याआधी आधार, रेशनकार्ड आणि मराठी शाळेचा दाखला शेजारी ठेवून नावं जुळवा. एकीकडं वडिलांचं नाव मधे, दुसरीकडं नुसतं आद्याक्षर, हा सीमाभागातला नेहमीचा घोळ पुढं पगाराच्या अर्जात आडवा येतो.

आपल्याकडं अनेकांचे उपचार कोल्हापूर-मिरजेला झालेले असतात. नियमाप्रमाणं अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा जिथं उपचार झाले त्या सरकारी दवाखान्यातही. सर्टिफिकेट देशभर चालतं. तरीही माझं मत असं, की पगार कर्नाटकाचा घ्यायचा आहे तर अर्ज बेळगावच्या पत्त्यावर, बेळगावच्या सिव्हिललाच करावा आणि तिकडची फाईल सोबत न्यावी. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, एमआरआयचे रिपोर्ट तारखेप्रमाणं लावून ठेवा. अर्धांगवायूसारख्या आजारात साधारण ६ महिने झाल्याशिवाय टक्का ठरवत नाहीत, त्यामुळं आजाराची पहिली तारीख दाखवणारा कागद हाताशी हवा.

हातापायाच्या अपंगत्वात सांधा किती हलतो, जोर किती आहे हे मोजतात. कानासाठी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू किती येतं याचा आलेख काढतात. तिथं आपल्या सांगण्याला फारसा वाव नाही. बौद्धिक अपंगत्व आणि मानसिक आजारात मात्र चाचण्यांबरोबर घरच्यांनी सांगितलेल्या माहितीला फार वजन असतं. मानसिक आजारात स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, कामधंदा आणि आजार किती वर्षांचा, हे सगळं विचारतात.

इथंच आपली माणसं कमी पडतात. परक्यासमोर ‘करतोय की सगळं, देवाच्या दयेनं बरं आहे’ म्हणायची सवय. पोराचं उणं चारचौघांत काढायला आईची जीभ रेटत नाही, हे मला समजतं. पण डॉक्टरांसमोर तेच बोललात तर कागदावरही तेच उतरणार. म्हणून आठवडाभर एक वही ठेवा. भाकरी स्वतः मोडतो की मोडून ताटात द्यावी लागते? न्हाणीत धरून न्यावं लागतं का? सदऱ्याची बटणं कोण लावतं? दुकानातून सुट्टे पैसे मोजून आणतो का? रात्री कितीदा उठवावं लागतं? जे आहे ते लिहा. वाढवून मात्र लिहू नका, तपासणीशी जुळलं नाही तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

सोबत कोण जाणार, हे आधी ठरवा. बहुतेक घरांत कन्नड येणारा पुतण्या नाहीतर शेजारी जातो आणि सगळी उत्तरं तोच देतो. त्याला जरूर न्या, पण जी बाई रोज आंघोळ घालते, भरवते, तीही आत गेली पाहिजे. ती मराठीत सांगेल, पुतण्या कन्नडमध्ये सांगेल.

एकापेक्षा जास्त अपंगत्व असेल तर दोन्ही अर्जात लिहा. टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, सूत्र आहे. पाय ३० टक्के आणि कान २० टक्के असेल तर मिळून ५० नव्हे, साधारण ४३ होतात. तरी बघा, वेगवेगळे धरले तर दोन्ही ४० च्या खाली, एकत्र धरले की वर. ‘कानाचं काय एवढं’ म्हणून सोडून दिलं तर पगारच हुकतो.

अंथरुणावरून उठताच न येणाऱ्या माणसाला उगाच रिक्षात घालून हेलपाटा घडवू नका. जवळच्या तालुका दवाखान्यात शिबिर कधी आहे, आणखी काय सोय होईल, हे व्हीआरडब्ल्यूकडून आधी विचारून घ्या.

कार्ड आलं की पगाराचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे भागातल्या महसूल कार्यालयात. तिथं कार्डासोबत आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक किंवा पोस्टाचं खातं लागतं. सर्टिफिकेट कायमचं आहे की मुदतीचं, तेही बघून ठेवा. मुदतीचं असेल तर संपायच्या आधीच पुन्हा अर्ज करायचा. टक्का पटला नाही तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. अपिलाला ती वही आणि राहिलेले रिपोर्ट जोडा.