जुनी कार एक्स्चेंजमध्ये द्यावी की स्वतः विकावी? आरसी ट्रान्सफरची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलात की तिथला माणूस तुमच्या जुन्या गाडीभोवती एक चक्कर मारतो, बॉनेट उघडतो, टायर बघतो आणि एक आकडा सांगतो. तो बहुतेकांना कमीच वाटतो. तेवढ्यात ऑफिसातलं किंवा सोसायटीतलं कोणीतरी पन्नास हजार जास्त द्यायला तयार होतं. बहुतेक घरांत निर्णय या दोन आकड्यांवरच होतो. पण त्यांच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: गाडी गेल्यावर आरसीवरचं, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचं, तुमचं नाव कधी निघणार आणि ते काढून घ्यायची जबाबदारी कोणाची?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार गाडीचा मालक म्हणजे जिच्या नावावर नोंदणी आहे ती व्यक्ती. पैसे मिळाले, किल्ली दिली, स्टॅम्प पेपरवर करार झाला, तरी आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं असेल तर कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे अगदी स्पष्ट केलं. त्या प्रकरणातली गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती. अपघाताच्या भरपाईसाठी न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरलं. गाडी अनेक महिन्यांपूर्वी विकली असूनही ई-चलनाचे मेसेज येत राहतात, त्याचं कारणही हेच.

आधी पैशांचा हिशेब

काही देशांत जुनी गाडी डीलरला दिली की नव्या गाडीवरचा कर तेवढ्या रकमेवर कमी लागतो. आपल्याकडे तसं नाही. एक्स्चेंज केलं तरी जीएसटी नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवर लागतो. महाराष्ट्रातला एकरकमी वाहन करही नव्या गाडीच्याच किमतीवर ठरतो, त्यातून जुन्या गाडीची किंमत वजा होत नाही. त्यामुळे ‘एक्स्चेंजमध्ये टॅक्स वाचतो’ असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

एक्स्चेंजचा खरा फायदा म्हणजे एक्स्चेंज बोनस (जुन्या गाडीच्या किमतीवर मिळणारी जादा रक्कम), आणि वाचणारा वेळ. शोरूमवाल्याला जुन्या गाडीची किंमत आणि बोनस वेगवेगळे लिहून द्यायला सांगा. दोन्ही एकत्र करून ‘साडेचार लाख मिळतील’ असं सांगितलं की नव्या गाडीवर मिळू शकणारा रोख डिस्काउंट त्यातच मुरलेला असतो आणि तो तुमच्या लक्षातही येत नाही. समजा, बाहेर गाडीला ४,६०,००० रुपये मिळतायत. शोरूम ४,०५,००० देतंय आणि वर ३०,००० बोनस. फरक उरला २५,००० चा. एवढ्या पैशांसाठी जाहिरात टाकणं, अनोळखी लोकांचे फोन घेणं, रविवारी टेस्ट ड्राइव्ह देणं आणि आरटीओचं काम अंगावर घेणं परवडतं का, हे ज्याचं त्याने ठरवायचं. फरक लाखाच्या घरात असेल तर मात्र मी स्वतः विकण्याच्या बाजूने आहे.

बोनसच्या अटीही आधी वाचून घ्या. जुनी आणि नवी गाडी एकाच व्यक्तीच्या किंवा जवळच्या नात्यातल्या व्यक्तीच्या नावावर असावी लागते. वडिलांची गाडी देऊन मुलाच्या नावावर नवी घेताना नात्याचा पुरावा मागतात. बऱ्याच ठिकाणी जुन्या गाडीची आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा आल्यावरच बोनस मिळतो, त्यामुळे ही मुदत लेखी घ्या.

अनेकांना पडणारा एक प्रश्न जीएसटीचा असतो. वापरलेल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी, ही डिसेंबर २०२४ मधली बातमी वाचून बरेच जण घाबरले होते. तो कर जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला आणि त्याच्या नफ्याच्या फरकावर लागतो. तुम्ही स्वतःची घरगुती कार दुसऱ्या व्यक्तीला विकलीत तर त्यावर जीएसटी नाही. स्वतःच्या वापरातल्या कारवर भांडवली नफ्याचा प्राप्तिकरही लागत नाही. मात्र एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं प्राप्तिकर कायद्याने मना आहे. घेणारा ‘कॅशच देतो’ म्हणाला तरी आरटीजीएस किंवा एनईएफटीच मागा.

विकायला पात्र कोण?

आरसीवर ज्याचं नाव, त्यानेच विकायचं. हे साधं वाटतं, पण घरोघरी अडचण इथेच येते.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, असतो, आणि तो उतरल्याशिवाय नाव बदलत नाही. कर्ज फेडल्यावर बँकेकडून एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) आणि बोजा उतरवण्याच्या फॉर्म ३५ च्या सही-शिक्क्याच्या प्रती घ्या. या एनओसीला सहसा तीन महिन्यांची मुदत असते. कितीतरी लोक शेवटचा हप्ता भरून एनओसी कपाटात ठेवतात आणि चार वर्षांनी विकताना पुन्हा बँकेच्या दारात जातात. कर्ज फिटलं की लगेच बोजा उतरवून घ्या, गाडी विकायची असो वा नसो.

मालक हयात नसेल तर वारसाला ती गाडी थेट तिसऱ्याला विकता येत नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करायची, मग विकायची. अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत करावा लागतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. घरात दुःख असताना हे सुचत नाही हे खरं, पण भावंडं पुढे वेगवेगळ्या गावांना पांगली की त्याच सह्या गोळा करणं फार जड जातं.

गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलं असेल तर त्याची आरसीवर नोंद हवी. थकलेली ई-चलनं भरलेली हवीत. विमा आणि पीयूसी चालू हवेत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवणं बंधनकारक केलंय आणि ती नसेल तर मालकी हस्तांतरणासारखी आरटीओची कामं अडतात. कारसाठी प्लेटचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी असा ठरलेला आहे. गिऱ्हाईक शोधायच्या आधीच ही सगळी तयारी करून ठेवावी, कारण सौदा ठरल्यावर निघालेली प्रत्येक त्रुटी समोरचा माणूस किमतीतून कापतो.

डीलरला देत असाल तर: फॉर्म २९सी

पूर्वी डीलर तुमच्याकडून कोऱ्या ट्रान्सफर फॉर्मवर सह्या घ्यायचा, गाडी त्याच्या अंगणात उभी राहायची आणि पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत नाव तुमचंच राहायचं. कधी तीन महिने, कधी वर्ष. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनी यावर चांगला उपाय दिला आहे. जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याने आरटीओकडून अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र घ्यायचं, ते फॉर्म २९बी मध्ये मिळतं आणि पाच वर्षं चालतं. तुम्ही गाडी त्याच्या ताब्यात दिलीत की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. तो भरला गेला की विक्रीपर्यंत डीलर मानीव मालक (म्हणजे कायद्याने मालक मानला जाणारा) ठरतो आणि गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. पुढचं नाव लावणं, लागल्यास एनओसी किंवा दुय्यम आरसी काढणं, हे अर्जही तोच करू शकतो.

म्हणून शोरूममध्ये किंवा वापरलेल्या गाड्यांच्या कंपनीत पहिला प्रश्न किमतीचा विचारा, दुसरा हा विचारा: ‘तुमच्याकडे २९बी आहे का, आणि आमची २९सी कधी करणार?’ उत्तर गुळमुळीत आलं तर समजा की गाडी एखाद्या दलालाकडे जाणार आहे. मग तो व्यवहार खासगी विक्रीसारखाच धरा आणि पुढची सगळी काळजी तिथेही घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्याशिवाय पेन उचलू नका, कितीही ओळखीचा माणूस असो.

स्वतः विकत असाल तर

एजंट ज्याला टीटीओ फॉर्म म्हणतात ते म्हणजे मुख्यतः दोन अर्ज. फॉर्म २९ ही विकणाऱ्याने आरटीओला द्यायची सूचना, तिच्या दोन प्रती. फॉर्म ३० हा नाव लावण्यासाठीचा अर्ज, त्यावर दोघांच्याही सह्या. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे व्यवहार राज्यातल्या राज्यात असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या आरटीओकडे अर्ज करायचा. नाव लावणं हे घेणाऱ्याचं काम, असं समजून बहुतेक विकणारे निवांत बसतात. पण पहिली मुदत तुमची आहे, तीही कमी दिवसांची.

सोबत लागतात: मूळ आरसी, चालू विम्याची प्रत, पीयूसी, दोघांचे आधार आणि पॅन, घेणाऱ्याच्या पत्त्याचा पुरावा, दोघांचे फोटो, आणि बोजा असल्यास फॉर्म ३५ व बँकेची एनओसी.

अर्ज परिवहन पोर्टलवर करायचा. राज्य महाराष्ट्र निवडून गाडीचा नंबर आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. अनेकांचा अर्ज इथेच अडतो, कारण गाडी घेताना दिलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला असतो, किंवा तो शोरूममधल्या माणसाचा निघतो. म्हणून मोबाइल नंबर आधी बदलून घ्या. मग मालकी हस्तांतरण ही सेवा निवडायची, घेणाऱ्याचा तपशील आणि विम्याची माहिती भरायची, शुल्क भरायचं. कारसाठी हस्तांतरणाचं मूळ शुल्क ३०० रुपये आहे, त्यावर स्मार्ट कार्ड आणि टपालाचे पैसे. एजंट चार-पाच हजार मागत असेल तर त्यातलं सरकारी शुल्क किती, ते पावतीवर बघा.

गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल, म्हणजे सिंधुदुर्गातली गाडी पेडण्याच्या माणसाने किंवा कोल्हापूरची निपाणीच्या माणसाने घेतली, तर आधी इथल्या आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी काढावी लागते. राज्याबाहेरच्या व्यवहारात विकणाऱ्याला ४५ दिवसांची मुदत आहे. तिकडे नवा नंबर आणि तिथला कर भरणं हे घेणाऱ्याचं काम, पण एनओसी तुमची.

किल्ली देण्याच्या दिवशी ताबा पावती करा. गाडीचा, इंजिनचा, चासीचा नंबर, रक्कम, किलोमीटर रीडिंग, तारीख, आणि वेळसुद्धा. ‘आज सायंकाळी ५.३० नंतरच्या चलन, अपघात व गुन्ह्याची जबाबदारी घेणाऱ्याची’ असं स्पष्ट लिहून दोघांनी सही करायची, दोन साक्षीदारांसह. या पावतीने आरसीवरचं नाव बदलत नाही, पण पोलिसांचा फोन आला तर गाडी त्या वेळी कोणाकडे होती हे दाखवायला हाच कागद कामी येतो. पूर्ण पैसे खात्यात दिसेपर्यंत मूळ आरसी आणि दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवा. विसार घेतला असेल तर त्याची वेगळी पावती द्या. आणि ऑनलाइन जाहिरातीवर कोणी सैन्यातला असल्याचं सांगून, गाडी न बघताच पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही.

विमा आणि फास्टॅग

नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. सलग वर्षं क्लेम न घेतल्यास तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. गाडी विकल्याचा पुरावा देऊन विमा कंपनीकडून बोनस राखल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. नव्या कारच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता २०,००० असेल आणि बोनस ५० टक्के असेल तर सरळ १०,००० वाचतात. एक्स्चेंज असो वा खासगी विक्री, हे पैसे दोन्हीकडे मिळतात. शोरूममध्ये मात्र कोणी आपणहून सांगेलच असं नाही, तुम्हीच मागा. घेणाऱ्यालाही सांगा की विमा त्याच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. तो न करता गाडी ठोकली गेली तर थर्ड पार्टी संरक्षण पुढे चालतं, पण त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

फास्टॅग काचेवरून काढा आणि बँकेला सांगून बंद करा. नाहीतर खालापूरच्या टोलवर गाडी त्याची आणि पैसे तुमचे जातील.

घेणारा नाव लावत नसेल तर

एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव अधूनमधून तपासा. महिन्यानंतरही तुमचंच दिसत असेल तर फोनवर गयावया करण्यात वेळ घालवू नका. भरलेल्या फॉर्म २९ ची प्रत, ताबा पावती आणि बँक व्यवहाराचा पुरावा जोडून आरटीओला लेखी पत्र द्या. एक प्रत पोच घेऊन हातोहात द्या, दुसरी स्पीड पोस्टने पाठवा, आणि त्याच दिवशी घेणाऱ्यालाही वकिलामार्फत नोटीस पाठवा. पत्रात गाडी कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या ताब्यात दिली ते लिहा. सगळ्या पोचपावत्या ताबा पावतीसोबत एकाच फाइलमध्ये ठेवा आणि आरसीवर नवं नाव दिसेपर्यंत ती फाइल हलवू नका.