काल येत होतं, आज आठवत नाही

‘आंघोळ कर, गणवेश घाल, दप्तर भर आणि खाली ये, रिक्षा येईल.’ एका दमात चार कामं. आठ वर्षांची बहुतेक मुलं ती रमतगमत का होईना, उरकतात. पण आईच्या पोटात असताना ज्याच्या मेंदूला दारूने इजा केली आहे, ते मूल बाथरूममध्ये जातं आणि भरून वाहणाऱ्या बादलीसमोर नुसतं उभं राहतं. त्याला ऐकू नीट आलेलं असतं, पण पहिल्या कामाला हात लावेपर्यंत उरलेली तीन डोक्यातून निघून गेलेली असतात. घरचे त्याला आळशी म्हणतात, बाई म्हणतात मुद्दाम करतो. काल घडाघडा म्हटलेला सातचा पाढा आज आठवत नाही, तेव्हा तर हमखास मार बसतो.

या विकाराला फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, थोडक्यात एफएएसडी म्हणतात. आईच्या रक्तातली दारू वारेतून सरळ बाळाच्या रक्तात उतरते आणि थोड्याच वेळात दोघांच्या रक्तातलं तिचं प्रमाण जवळपास सारखं होतं. आईचं यकृत ती हळूहळू मोडून काढतं. बाळाच्या यकृतात त्यासाठी लागणारी विकरं नावापुरतीच असतात. शिवाय गर्भजलात दारू साठून राहते आणि बाळ तेच पाणी गिळत असतं.

चेहऱ्याची घडण गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होते. पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत तो काळ सुरू झालेला असतो. त्या काळात दारू पोहोचली, तर डोळ्यांच्या फटी आखूड राहतात, नाक आणि ओठ यांमधली पन्हाळ सपाट होते, वरचा ओठ पातळ राहतो. मेंदूची घडण मात्र नऊही महिने चालते. त्यामुळे बहुसंख्य मुलांचा चेहरा अगदी सर्वसामान्य असतो आणि इजा फक्त मेंदूत असते. निदान हुकतं ते इथेच.

‘बिअरच तर आहे’ हा समज फार महागात पडतो. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४१ ग्रॅम, म्हणजे चार पेग. एका बैठकीत इतकी पिणं सर्वांत घातक. गरोदरपणात किती घेतली तर चालते, याची सुरक्षित मर्यादा कोणालाही सांगता आलेली नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अंदाजानुसार, गरोदरपणी दारू घेतलेल्या साधारण १३ स्त्रियांमागे एकीच्या बाळाला हा विकार होतो. ती एक कोण, हे आधी ओळखता येत नाही.

दिवस गेल्याचं कळण्याआधी घेतली गेली असेल, तर घाबरून त्या एका कारणावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. त्या दिवसापासून थांबावं आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. मात्र रोज भरपूर पिण्याची सवय असलेल्या स्त्रीने घरच्या घरी एकदम बंद करू नये. हातपाय थरथरतात, दोनेक दिवसांत फिट येऊ शकते, आणि त्यात बाळालाही धोका असतो. प्रसूतितज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखालीच ती सोडवावी.

मुलाचं निदान एका रक्ततपासणीने होत नाही. डोक्याचा घेर, वाढ, चेहरा, बुद्ध्यंक, स्मरण, भाषा, लक्ष असं सगळं मोजावं लागतं. पुण्यात केईएमसारख्या रुग्णालयाच्या बालविकास केंद्रात हे काम होतं. पुढचा अडसर प्रमाणपत्राचा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एफएएसडीचं नाव नाही, त्यामुळे बौद्धिक अक्षमता किंवा अध्ययन अक्षमतेच्या वाटेने जावं लागतं. बुद्ध्यंक ८५, पण रोजचा दिवस एकट्याने पेलत नाही, असं मूल मधल्यामध्ये राहतं. हा अन्याय आहे.

मेंदूची इजा भरून निघत नाही, पण आजूबाजूचं बदलता येतं आणि सहा वर्षांच्या आत सुरुवात झाली तर फरक पडतो. एका वेळी एकच सूचना द्यायची, तीही नेमकी. ‘नीट वाग’ ऐवजी ‘हात मांडीवर ठेव’. सकाळच्या कामांची चित्रं क्रमाने बाथरूमच्या दारावर लावायची आणि क्रम रविवारीही मोडायचा नाही. पाढा विसरला की न रागावता पुन्हा पहिल्यापासून. वाण्याकडे पाठवताना यादीबरोबर मोजके सुटे पैसे द्यायचे, कारण बाकी किती यायला हवी, हे त्याला उमगत नाही. न घडलेली गोष्ट तो खरी म्हणून सांगतो, तेव्हा मेंदू स्मृतीतली रिकामी जागा भरत असतो. त्याला खोटारडा म्हणू नका. शिक्षेचा उपयोग जवळपास शून्य, कारण दुपारची चूक आणि संध्याकाळची शिक्षा यांचा सांधा त्याच्या मनात जुळत नाही.

गणपतीत ढोल-ताशाचं पथक जवळ आलं की काही मुलं कान दाबून रस्त्यातच बसतात. लक्ष्मी रोडला न्यायचंच असेल तर सकाळी लवकर, कानांवर आवाजरोधक लावून, आणि परतीची वाट आधीच ठरवून.

१९९९पासून दरवर्षी ९ सप्टेंबरला, सकाळी ९ वाजून ९ मिनिटांनी या विकाराचा जनजागृती दिन पाळला जातो. नववा महिना, नववा दिवस, म्हणजेच गरोदरपणाचे नऊ महिने. फ्रान्समध्ये २००७पासून बाटलीवर गर्भवतीसाठी इशारा आहे. आपल्याकडे बाटलीवर ‘आरोग्यास हानिकारक’ आणि गाडी चालवण्याबद्दलची ताकीद असते.

गर्भवतीसाठी तसा इशारा आपल्याकडेही येईल तेव्हा येईल, तोवर किमान दवाखान्यात गरोदर स्त्रीचं नाव नोंदवतानाचा प्रश्न तरी बदलता येईल. सासू आणि नवरा समोर बसलेले असताना ‘दारू पिता का?’ विचारलं, तर उत्तर ‘नाही’च येणार. त्यांना बाहेर थांबवून विचारावं: ‘दिवस गेल्याचं कळण्याच्या आधीच्या महिन्यात बिअर, वाईन, ताडी, काही घेणं झालं होतं का? एका वेळी किती?’ आणि मिळालेलं उत्तर कार्डावर लिहून ठेवावं, म्हणजे आठ वर्षांनी पाढा विसरणाऱ्या मुलाला तपासणाऱ्या डॉक्टरांना ते सापडेल.