कार्यालयीन जीवनावरील कॉमिक स्ट्रिप आणि कोल्हापूर

नोकरीच्या जागेची माणसे, त्यांच्यातली उतरंड, बैठका, फायली, रजा, बढत्या यांवर बेतलेली, बहुधा तीन-चार चौकटींची रोजची चित्रमालिका म्हणजे कार्यालयीन कॉमिक स्ट्रिप. वाचक ती हसण्यासाठी उघडतो, पण तिची ओढ हसण्याहून खोल आहे. साहेबांपुढे जे उत्तर ओठांपर्यंत येते आणि गिळावे लागते, ते इथे दुसराच कोणी तरी बोलून टाकतो. वाचकाच्या नोकरीला धक्का लागत नाही.

हे घडते ते चौकटींच्या रचनेमुळे. समजा, पहिल्या चौकटीत साहेब फाईल टेबलावर ठेवून म्हणतात, ‘हे काल पाहिजे होतं.’ दुसऱ्या चौकटीत कोणीच बोलत नाही. कारकून फाईलकडे बघतो आहे, एवढेच. तिसऱ्या चौकटीत तो मान वर करून विचारतो, ‘मग आता गडबड कशाला, साहेब?’ यातली मधली मुकी चौकट सर्वांत मोलाची. खऱ्या कचेरीत प्रसंग त्या चौकटीपाशीच संपतो. माणूस ‘व्हय साहेब’ म्हणून जागेवर जाऊन बसतो. स्ट्रिप त्याला पुढची एक चौकट देते. एकाच चित्राच्या व्यंगचित्रात ही थांबण्याची जागा मिळत नाही, म्हणून कचेरीचा विषय स्ट्रिपला जितका मानवतो तितका त्याला मानवत नाही.

दुसरे कारण काळाचे. स्ट्रिपमधली पात्रे वर्षानुवर्षे त्याच खुर्चीत, त्याच कपड्यांत असतात, आणि कचेरीतले दिवसही तसेच जातात. रोज सकाळी मस्टरवर सही करणाऱ्याला रोज सकाळी भेटणारे पात्र आपल्यातलेच वाटते.

या प्रकाराचे बीज अमेरिकी दैनिकांत जुने आहे. १९३० साली सुरू झालेली ‘ब्लाँडी’ ही मुळात घरगुती मालिका. तरी तिच्या नायकाला दरडावणारा मालक तिच्यात ठळकपणे वावरतो. कचेरीलाच केंद्रस्थानी आणून जगभर पोहोचली ती स्कॉट ॲडम्स यांची ‘डिल्बर्ट’. ती १६ एप्रिल १९८९ रोजी सुरू झाली, तेव्हा ॲडम्स एका टेलिफोन कंपनीत नोकरीला होते आणि पुढची काही वर्षे नोकरी सांभाळूनच ते चित्रे काढत राहिले. त्यांनी १९९३ पासून स्ट्रिपमध्येच आपला ई-मेल पत्ता छापला. वाचक आपापल्या कंपन्यांतले किस्से कळवू लागले आणि त्यांतून मालिकेला विषय मिळत गेले. तिच्यातल्या साहेबाला नाव नाही, त्यामुळे ज्याला त्याला त्यात आपलाच साहेब दिसतो. असोक हा आयआयटीत शिकलेला, कंपनीत शिकाऊ म्हणून आलेला भारतीय तरुणही तिच्यात आहे. ॲडम्स यांच्या वर्णविषयक वक्तव्यांमुळे २०२३ साली अनेक वृत्तपत्रांनी ही मालिका बंद केली. त्या वक्तव्यांचे समर्थन होऊ शकत नाही. पण कचेरी आतून कशी दिसते, हे तिने दाखवले, तेही नाकारता येत नाही.

मराठी वाचकाची नजर घडली ती वेगळ्या परंपरेत. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ १९५१ पासून इंग्रजी दैनिकात रोज भेटत राहिला. तो सरकारी कचेरी पाहतो ती बाहेरून, नागरिकाच्या बाजूने. कोल्हापूरजवळच्या भोज गावी १९२५ साली जन्मलेले व्यंगचित्रकार शि. द. फडणीस शब्दांवाचून हसवत आले. रोजची मराठी स्ट्रिप म्हणून घराघरांत पोहोचलेला ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये आला, त्याचे जग घर, शाळा आणि वाडा. टेबलाच्या आतल्या बाजूने, कारकुनाच्या खुर्चीतून पाहणारा विनोद मराठीत कथा-नाटकांनी जास्त सांभाळला.

कोल्हापुरात मात्र अशा विनोदाला जमीन तयार आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ, बँका, साखर कारखाने, दूध संघ आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या औद्योगिक वसाहती यांत जिल्ह्यातली असंख्य घरे गुंतलेली आहेत. कचेरीतल्या खुर्चीला इथे इतिहासही आहे: २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांतील रिक्त होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. ज्या घरात पहिल्यांदा कोणी कारकून झाले, तिथे नोकरी ही अभिमानाची गोष्ट असते. म्हणून इथला विनोद नोकरीला हिणवत नाही; नोकरीत होणाऱ्या अपमानावर बोट ठेवतो.

आवडलेले चित्र कापून टेबलावरच्या काचेखाली सरकवायची रीत जुन्या कचेऱ्यांत होती. देवाचा फोटो, सुट्ट्यांची यादी, टेलिफोन नंबरांची चिठ्ठी आणि त्यांच्या शेजारी पिवळे पडलेले कात्रण. ते कुठे ठेवायचे यालाही अर्थ असे: साहेब उभे राहतात त्या बाजूला नाही, आपल्या हाताखाली, वहीने झाकता येईल असे. शेजारच्या टेबलावरचा माणूस ते वाचून नुसता मान हलवी, आणि दोघांत एक नाते जुळे. आता तेच चित्र व्हॉट्सॲपवर फिरते; साहेब ज्या ग्रुपमध्ये नाहीत, त्या ग्रुपवर.

सहकारी संस्थेतली नोकरी हा तर स्ट्रिपसाठी सर्वांत श्रीमंत विषय. तिथे एकाच कर्मचाऱ्याला दोन धनी असतात: वरचा अधिकारी आणि निवडून आलेला संचालक. अधिकारी नियम सांगतो. संचालक गावचा, कदाचित भावकीतलाच, म्हणून ‘एवढं करून टाक की’ म्हणतो. दोघांनाही नाही म्हणता येत नाही. त्यात गाळपाचा हंगाम, मार्चअखेरचे हिशेब, लेखापरीक्षण आणि पाच वर्षांनी येणारी संचालक मंडळाची निवडणूक. वर्षभराचे विषय आपसूक मिळतात. परदेशी स्ट्रिपमधला साहेब संध्याकाळी सहानंतर सहसा दिसत नाही. इथला संचालक रविवारी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो आणि सोमवारच्या फाईलची आठवण तिथेच करून देतो. हे रेखाटायला त्या पंगतीत बसलेला, मस्टरवर सही केलेला चित्रकारच हवा.