पाकिटं कोरी आणा, हळदकुंकू मागाहून लावा

लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर आम्ही हाताने चित्र आणि पत्ता काढून देतो. तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे पाकिटांचे गठ्ठे येऊ लागतात, आणि दर हंगामात त्यातले काही परत पाठवावे लागतात. कारण बहुतेक वेळा एकच: पत्रिका आत घालून, पाकीट चिकटवून, चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून आणलेलं असतं. "सगळं तयार आहे, तुम्ही फक्त सनई-चौघडा काढून द्या."

नेमकं तेच होत नाही. आम्ही टाकाने, म्हणजे दौतीत बुडवून चालवायच्या पेनाने काढतो. पोलादी निब कागदाला टेकून चालते, त्यामुळे आत जे असेल ते तिला लागतं. पत्रिकेची कड आली की रेघ तुटते, उठावाचा गणपती आला की निब अडखळते आणि शिंतोडे उडतात. ओल्या हळदीने कागद फुगलेला असतो, तिथे शाई फुटते. कुंकवाचं तर विचारूच नका. एक कण निबेच्या चिरेत शिरला की रेघ मध्येच जाड होते आणि मागे तांबूस डाग ओढत जाते. मग दर पाकिटागणिक निब धुवा, पुसा, पुन्हा दौतीत बुडवा. दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं, आणि शाईचा डाग काही खोडरबराने निघत नाही.

तेव्हा पाकीट कोरं आणि उघडं आणा. आम्ही आत पातळ पुठ्ठा सरकवून चित्र आणि पत्ता करतो, रात्रभर सुकू देतो. पत्रिका घरी भरा, हळदकुंकू सगळ्यात शेवटी. आमची शाई काजळीची, वॉटरप्रूफ आहे. पूर्ण सुकली की हळदीच्या ओल्या बोटाने पसरत नाही. देवापुढे ठेवायची पहिली पत्रिकाही याच क्रमाने करा, शास्त्राला काही धक्का लागत नाही. उरलेले पत्ते घरी लिहिणार असाल तर बॉलपेन चालेल, साधी फाउंटन पेनची शाई मात्र नको. ती पाण्याच्या एका थेंबाने वाहते.

कागद घेण्याआधी एक पाकीट दाखवायला आणा. तेही जमत नसेल तर दुकानातच कागदावर बोटाने पाण्याचा थेंब ठेवून बघा. लगेच शोषला गेला तर त्यावर शाई फुटणार. मोत्यासारखा तसाच उभा राहिला तर शाई वर तरंगेल आणि नखाने निघेल. चकचकीत, सोनेरी झाक असलेली पाकिटं बहुधा या दुसऱ्या जातीची. दिसतात झकास, पण टाकाच्या कामाची नाहीत. खाकी पाकिटावर काळी शाई दबते, पण पांढऱ्या शाईत वारली पद्धतीचं लग्नाचं चित्र फार खुलतं. मूळची वारली चित्रंही गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पांढरीच काढतात.

"सगळं पाकीट भरून काढा ना" असाही आग्रह असतो. १८४० साली इंग्लंडच्या टपाल खात्याने विल्यम मुलरेडी या चित्रकाराकडून पाकिटावर ब्रिटानिया, सिंह, हत्ती असा सगळा थाट काढून घेतला होता. लोकांनी त्याची इतकी टर उडवली की ते पाकीट मागे घ्यावं लागलं. आम्ही चित्र डावीकडे ठेवतो; तिकिटाची आणि पत्त्याची जागा मोकळी. पोस्टमनला वाचता आलं पाहिजे.

पत्त्यांची यादी टाइप करून द्या. पिन कोड १९७२ पासून आहे, तरी अजून याद्यांमध्ये "शरदमामा, स्टेशनजवळ" एवढंच असतं. आणि शंभराला दहा पाकिटं जास्त द्या. हाताचं काम आहे, दोन-चार बिघडतातच.

"मग छापूनच का घेऊ नये?" जरूर घ्या. पाचशे पाकिटं असतील तर आम्हीच तसं सुचवतो: मानाच्या पत्रिकांची पाकिटं टाकाने काढायची, बाकीच्यांवर त्यातलंच एक चित्र स्कॅन करून छापायचं. खर्च आटोक्यात राहतो आणि सगळी पाकिटं एकाच घरातली दिसतात. वधूच्या माहेरचं तुळशी वृंदावन किंवा वाड्याचा दरवाजा काढून हवा असेल तर समोरून काढलेला स्पष्ट फोटो पाठवा.

कोरी पाकिटं हाती आल्यापासून शंभराच्या कामाला दोन आठवडे धरा. पावसाळ्यात शाई सुकायला वेळ लागतो, तेव्हा तीन.