ॲपच्या कोडची कॉपीराइट नोंदणी: अर्ज अडतो तो डेव्हलपरच्या सहीपाशी

सॉफ्टवेअरचा कोड 1957 च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतींमध्ये मोडतो. अर्ज कॉपीराइट कार्यालयाच्या पोर्टलवर, नमुना 14 मध्ये. शुल्क 500 रुपये. नोंदणी सक्तीची नाही, कोड लिहिला की हक्क आपोआप मिळतो. पण उद्या कुणी तो उचलला, तर कोर्टात नोंदीचा उतारा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. म्हणून करून ठेवावी.

अडचण येते ती मालकीची. ॲप बाहेरच्या डेव्हलपरकडून करून घेतलेलं असतं, पैसे चुकते केलेले असतात आणि कोड आपलाच झाला असं मालक धरून चालतो. पगारी नोकरानं कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, कंपनीचा. फ्रीलान्सरनं लिहिलेला मात्र त्याचाच राहतो. बिल किंवा यूपीआयची पावती दाखवून भागत नाही. सही केलेला हस्तांतरणाचा लेखी करार लागतो. त्यात मुदत घाला, नाहीतर कायदा 5 वर्षंच धरतो. प्रदेश घाला, नाहीतर हक्क भारतापुरताच मिळतो. सोबत लेखक म्हणून डेव्हलपरचं ना-हरकत पत्रही घ्या. आणि कृपा करून हे सगळं शेवटचा हप्ता देण्याआधी उरका. नंतर माणूस फोन उचलत नाही. एवढी गोष्ट पोर्टलच्या पहिल्याच पानावर मराठी-हिंदीत ठळक छापली, तर कितीजणांचे हेलपाटे वाचतील!

सोर्स कोडची पहिली 10 आणि शेवटची 10 पानं जोडायची. एकूण पानं 20 हून कमी असतील तर सगळा कोड. 2021 च्या नियमदुरुस्तीनंतर त्यातला कुठलाही भाग झाकलेला चालत नाही. तेव्हा पासवर्ड आणि एपीआय की (ॲपला दुसऱ्या सेवेशी जोडणारी गुप्त किल्ली) कोडमध्ये ठेवूच नका.

शुल्क भरल्यावर मिळणारा डायरी क्रमांक म्हणजे नोंदणी नव्हे. त्यानंतरचे 30 दिवस हरकतींसाठी असतात, आणि ते संपल्यावर प्रमाणपत्र येत नाही, छाननी सुरू होते. त्रुटीचं पत्र आलं तर उत्तराची मुदत वेगळी, तीही 30 दिवसांची. पत्र ईमेलवर येतं, म्हणून अर्जात एजंटचा नव्हे, स्वतःचा पत्ता द्या आणि स्पॅमही उघडून बघा.

हक्कात ज्यांचा वाटा असू शकतो, त्या सर्वांना अर्जाची सूचना पाठवणं बंधनकारक आहे. वेगळा झालेला भागीदार यातून वगळू नका. त्याची हरकत आली, तर दोघांनाही सुनावणीची संधी दिल्याशिवाय निर्णय होत नाही.