दशावतारी नटाचा आवाज कोणाचा? कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कायद्याची पार्श्वभूमी

तुळशीची लग्ने झाली की सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि दशावतारी कंपन्या गावोगाव फिरू लागतात. रंगमंचासमोर आता मोबाइल धरलेले हातही असतात. अशी कितीतरी रेकॉर्डिंग यूट्यूबवर साठली आहेत. आवाजाची नक्कल करणाऱ्या प्रणालीला थोडा नमुना पुरतो. त्यामुळे संकासुर या दैत्यपात्राच्या मालवणीत किंवा एखाद्या राजपार्टी (राजाची भूमिका करणाऱ्या) नटाच्या पल्लेदार आवाजात त्याने कधीच न उच्चारलेली वाक्ये वदवून घेणे अवघड राहिलेले नाही.

मूळ कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९८४ मध्ये त्यात संगणक प्रोग्रॅम आले. यंत्राने केलेल्या कृतीचा लेखक कोण, या आजच्या वादाची मुळे मात्र १९९४ च्या दुरुस्तीत आहेत. संगणकाने तयार केलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, असे त्या दुरुस्तीने ठरवले. पण घडवून आणणारा नेमका कोण? यंत्राला हुकूम देणारा, यंत्र बनवणारा, की ज्यांच्या कामावर यंत्र शिकले ते? या तिसऱ्या शक्यतेचा तेव्हा विचारच झाला नव्हता.

या तरतुदीची सर्वांत वादग्रस्त कसोटी २०२० मध्ये लागली. एका वकिलाने स्वतः काढलेला सूर्यास्ताचा फोटो एका जुन्या डच चित्राच्या शैलीत संगणक प्रणालीकडून रंगवून घेतला. प्रणालीच एकमेव लेखक असल्याचा अर्ज फेटाळला गेला. दुसऱ्या अर्जात वकील आणि प्रणाली असे दोन सहलेखक दाखवले होते, आणि तो चक्क मंजूर झाला. वर्षभराने नोंदणी करणाऱ्यांनीच ती मागे घेण्याची नोटीस काढली आणि प्रणालीचे कायदेशीर स्थान काय, असा प्रश्न अर्जदारालाच विचारला. कॅनडात हीच जोडी २०२१ मध्ये नोंदली गेली. अमेरिकेने २०२३ च्या डिसेंबरात नकार दिला. भारतातली मूळ नोंदणीच चुकीची होती, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे चित्रावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि सहलेखक असतील तर जो शेवटी मरेल त्याच्यापासून मोजणी होते. यंत्राच्या बाबतीत ती कुठून सुरू करायची?

या गदारोळात १९९४ चीच दुसरी देणगी झाकोळली गेली, आणि कोकणासाठी तीच अधिक मोलाची आहे. त्या दुरुस्तीने सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क दिला. व्याख्येत गायक, नट, नर्तकांबरोबर डोंबारी आणि गारुडीही आहेत. मुदत आधी २५ वर्षे होती, १९९९ मध्ये ती ५० झाली. दशावताराला लेखी संहिता नसते. आख्यान पुराणातले, संवाद नट उभ्या उभ्या रचतो. म्हणून संहितेच्या लेखकापेक्षा सादरकर्ता म्हणून मिळणारा हक्कच त्याच्या खऱ्या उपयोगाचा. २०१२ मध्ये त्यात आणखी भर पडली. सादरीकरणासोबत आपले नाव यावे, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड कोणी करू नये, हे मागण्याचा अधिकार नटाला मिळाला. चित्रीकरणावरचा हक्क निर्मात्याकडे जायचा तर नटाची संमती लेखी करारातून हवी. ‘घे रे शूटिंग’ एवढे तोंडी म्हटल्याने तो जात नाही. कंपनीच्या मालकांनी आणि नटांनी ही ओळ पाठच करावी.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. २०२४ च्या जुलैत मुंबईतल्या न्यायालयाने एका पार्श्वगायकाच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली. त्या आदेशाचा आधार गायकाची प्रसिद्धी होता. जत्रेतल्या नटाला तो कितपत मिळेल, हे अजून कोणत्या निकालाने ठरलेले नाही. २०२५ च्या डिसेंबरात एका सरकारी समितीने वेगळाच मार्ग सुचवला. यंत्राला शिकवण्यासाठी कृती सरसकट वापरू द्यावी, मोबदला एका मध्यवर्ती संस्थेमार्फत वाटावा, आणि निर्मात्याला नकाराची सोय नसावी. रेकॉर्डिंगखाली पुष्कळदा कंपनीचे आणि आख्यानाचे नाव असते, नटाचे नसते. तो मोबदला त्याच्यापर्यंत कसा पोहोचणार? २०२६ च्या फेब्रुवारीत कृत्रिम चित्र-आवाजावर तशी ठळक खूण करणे सक्तीचे झाले. हे यंत्राने बनवले आहे, एवढे त्या खुणेवरून कळते. आवाज कोणाचा घेतला हे सांगण्याची सक्ती त्यात नाही.