पहिली बशी

माझे आजोबा चहा कपातून कधी प्यायलेच नाहीत. स्वयंपाकघरातला चहा झोपाळ्यापर्यंत आणायला कप, एवढंच त्यांच्या लेखी कपाचं काम. झोपाळ्यावर बसले की अर्धा चहा बशीत ओतायचा, बशी बोटांवर तोलायची, एक हलकी फुंकर घालायची आणि मग माजघरात ऐकू जाईल असा भुरका. आजी दाराशी उभी राहून विचारायची, "साखर बरोबर आहे ना?" त्यांचं उत्तर कधी लगेच यायचं नाही. घोट गिळायचे, नाकाने सावकाश श्वास सोडायचे आणि मग म्हणायचे, "हं, आत्ता कळली चव. बरोबर आहे." पहिली बशी संपेपर्यंत त्यांच्याशी बाकी काही बोलायचं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बऱ्याच वर्षांनी चव आणि वास यांविषयी वाचू लागले, तेव्हा ती बशी मला पुन्हा पुन्हा आठवत राहिली. त्या सकाळच्या दहा मिनिटांत ते जे जे करत, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला शास्त्रीय कारण आहे.

आधी फुंकर. नुकताच गाळलेला चहा तोंडाला लावण्यासारखा नसतो. त्यातली उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः वरच्या पृष्ठभागावरून, वाफ होऊन. 7 सेंटीमीटर तोंडाच्या कपात हा पृष्ठभाग 38 चौरस सेंटीमीटर भरतो. तोच चहा बशीत 12 सेंटीमीटरच्या वर्तुळात पसरला की 113 होतो, म्हणजे जवळजवळ तिप्पट. शिवाय बशी स्वतः गार असते आणि तिच्यातला थर पातळ. पाण्याची वाफ व्हायला उष्णताही भरपूर लागते. 100 ग्रॅम चहातलं जेमतेम 1 ग्रॅम पाणी उडून गेलं, तरी उरलेला चहा पाचेक अंशांनी उतरतो. चहावर दमट हवेचा जो थर साचतो, तो पुढच्या वाफेला अडवतो. फुंकर त्याला बाजूला सारते. म्हणून फुंकर हलकी असली तरी पुरते.

हे थांबणं नुसत्या सुखासाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये 65 अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. दोष पेयाचा नाही, तापमानाचा. इराणच्या गोलेस्तान प्रांतात चहा फार गरम पितात आणि तिथे अन्ननलिकेचा कर्करोगही जास्त आढळतो. तिथल्या 50 हजारांवर लोकांची पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. रोज 700 मिलिलिटरहून जास्त चहा 60 अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांना, त्याहून कमी चहा आणि तोही कमी गरम पिणाऱ्यांच्या तुलनेत, हा धोका सुमारे 90 टक्क्यांनी अधिक दिसला. टपरीवर वाफाळता चहा घटाघटा संपवून निघणारे लोक पाहिले की मला आता खरोखर काळजी वाटते.

जिभेवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं, टीआरपीव्ही1. साधारण 43 अंशांच्या वर ते जागं होतं आणि मेंदूला 'पोळलं' असं कळवतं. डेव्हिड ज्युलियस यांनी ते 1997 मध्ये शोधलं. त्यांच्या 2021 च्या नोबेलमागे हेच काम होतं. गंमत म्हणजे मिरचीतलं कॅप्सेसिन आणि आल्यातलं जिंजेरॉलही याच प्रथिनाला हलवतात. आल्याचा चहा घशाला 'गरम' वाटतो तो यामुळे. आलं वाळवून सुंठ केली की जिंजेरॉलचं शोगाओल होतं आणि ते आणखी झणझणीत. सुंठ चिमूटभरच का घालायची, याचं आजीला माहीत असलेलं उत्तर रसायनशास्त्रातही तेच आहे.

आता भुरका. लहानपणी पाहुण्यांसमोर मला त्याची लाज वाटायची. पण चहाची पारख करणारे व्यावसायिक चमच्याने चहा घेतात तेव्हा मोठ्याने भुरकाच मारतात. कारण ज्याला आपण चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (टोमॅटो, अळंबी यांत असते तशी भरीव चव) एवढंच समजतं. वेलची, गवती चहा, आलं हे वेगवेगळे ओळखू येतात ते वासामुळे, आणि हा वास पुढून नाकपुड्यांतून येतो तसा मागूनही येतो. घशाच्या मागच्या बाजूने नाकात जाणारी एक वाट आहे. भुरका मारला की चहा हवेत मिसळून बारीक थेंबांत फुटतो, सुगंधी रेणू मोकळे होतात. पण त्या वाटेने ते वर जातात ते खास करून घोट गिळल्यानंतर, श्वास बाहेर सोडताना. आजोबा आजीला थांबवायचे तो क्षण नेमका हाच होता.

त्या वाटेच्या टोकाला गंध पकडणारी सुमारे 400 प्रकारची ग्राहक प्रथिनं असतात. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी 1991 मध्ये लावला आणि 2004 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गवती चहाच्या पात्यातलं सिट्रल लिंबाच्या सालीतही असतं. वेलचीतलं सिनिओल निलगिरीच्या तेलातही असतं. सर्दी झाल्यावर चहा म्हणजे नुसतं गोड गरम पाणी वाटतं, ते ही वाट बंद पडल्यामुळे. आणि घाईत एकामागून एक घोट ढोसताना श्वास सोडायला सवडच मिळत नाही. मग नाकाला पोचणार काय?

पण मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या प्रयोगांनी. ते 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. लोकांना आंबट, गोड, खारट पदार्थ चाखायला दिले. काहींना त्याच वेळी सात आकडी संख्या डोक्यात धरून ठेवायला सांगितली, काहींना एकच आकडा. पदार्थ तेच होते. तरी सात आकड्यांचं ओझं वाहणाऱ्यांना चवी फिक्या लागल्या. सरबत आपल्या आवडीचं गोड करायला सांगितलं, तर त्यांनी ते जास्त गोड केलं. जिभेवरची साखर तेवढीच होती, मेंदूची तिच्याकडे बघायची फुरसत कमी पडली.

सात आकडे म्हणजे काय मोठं? कामाच्या तीन निरोपांना काय उत्तर द्यायचं याचा विचार करत आपण चहा पितो, तेव्हा डोक्यावरचं ओझं त्याहून कितीतरी मोठं असतं. मग 'आज साखर कमी पडली' म्हणून अर्धा चमचा वरून घेतला जातो. मला वाटतं, घरोघरी चहा करणाऱ्या बाईने ऐकून घेतलेल्या कितीतरी तक्रारी तिच्या हाताच्या नसून पिणाऱ्याच्या डोक्यातल्या गडबडीच्या असतील. पहिल्या बशीला कुणी बोलायचं नाही, हा नियम आजोबांनी कुठून काढला कोण जाणे.

दुसऱ्या बशीचंही काही सांगण्यासारखं आहे. कुठलंही सुख सलग चालू राहिलं की त्याची सवय होते आणि गोडी ओसरते. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत मसाजसारखा सुखाचा अनुभव मध्येच थोडा थांबवून पुन्हा दिला, तर तो लोकांना अखंड अनुभवापेक्षा अधिक आवडला. आधी विचारलं असतं तर खंड नको, असंच त्यांनी म्हटलं असतं. बशी रिकामी होते, कप पुन्हा तिरपा होतो, चहा निवायची वाट बघावी लागते. खंड आपोआप पडतो.

आणि कांदाभजी? चहातले तुरट घटक लाळेतल्या प्रथिनांना चिकटून तोंडातला बुळबुळीतपणा घालवतात, तर तेल-तूप नेमका तोच वाढवतं. 2012 मध्ये संशोधकांनी दाखवलं की तेलकट घासांच्या मधे सौम्य तुरट पेयाचे घोट घेत गेलं, तर तोंडातला तेलकटपणा उतरतो. पावसात भजी आणि चहा, खारी आणि चहा, या जोड्या आपल्याकडे उगाच जमलेल्या नाहीत. दुधातलं केसिन हे प्रथिन यातला काही तुरटपणा आधीच बांधून टाकतं, म्हणून आपला चहा कोऱ्यापेक्षा मऊ लागतो.

आता आमच्याकडेही सगळे मगातूनच चहा पितात. झाकणाच्या कागदी पेल्यातून चहा पिताना तर समोरून येणारा वासही अडतो. गेल्या महिन्यात फडताळातून जुन्या कपबशा काढल्या. मुलीला नाक घट्ट दाबून वेलचीचे दाणे चावायला सांगितले. "कशासारखं लागतंय?" विचारलं, तर म्हणाली, "कशासारखंच नाही, नुसतं कडवट." म्हटलं, "आता नाक सोड आणि श्वास बाहेर टाक." तिने सोडला, डोळे मोठे केले, आणि मी काही विचारायच्या आत हाताने मला थांबवलं. पुन्हा एकदा, सावकाश, श्वास सोडला.